फक्त पहिलं अक्षर मोठं

आमचे सर म्हणजे देवमाणूस, असं अजून बोईसरमध्ये कोणी ना कोणी म्हणतं. मी गप्प बसते. असतील देवमाणूस. पण म्हणणाऱ्यांना त्यांच्याबरोबर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एका खोलीत काम करावं लागलं नव्हतं. मी केलंय, म्हणून सांगते. त्या माणसानं मला जेवढा वैताग दिला तेवढा माझ्या सासूनंही दिला नाही, आणि सासूबाई काही कमी नव्हत्या.

वैताग कशावरून, तर कॉम्प्युटरच्या भाषांची नावं कशी लिहायची यावरून. हसू येईल तुम्हाला. मलाही पहिल्या आठवड्यात आलं होतं.

टीव्ही घरोघरी आले होते, पण कॉम्प्युटर अजून कोणी जवळून पाहिला नव्हता, त्या दिवसांतली ही गोष्ट. सर मुंबईला कुठल्याशा मोठ्या कचेरीत मशीनवर होते. तिथे साहेबाशी वाजलं म्हणून नोकरी सोडली. कशावरून वाजलं ते कधी सांगितलं नाही, पण मला अंदाज आहे, तुम्हालाही शेवटपर्यंत येईल. तर इथे येऊन त्यांनी स्टेशनजवळ सायकलच्या दुकानाच्या माडीवर क्लास काढला. हिरव्या अक्षरांची दोन मशीनं, त्यांना माझ्या हातची सुती कव्हरं, दाराबाहेर चपलांचा ढीग. क्लासचं नाव ‘पास्कल’. मशीनला हुकूम द्यायच्या ज्या भाषा असतात त्यातली एक पास्कल, आणि ती सरांची लाडकी.

माझं माहेर केळव्याचं, पानवेलींच्या वाडीतलं. सासर पालघरला. मॅट्रिकनंतर टायपिंग केलेलं, तेवढंच माझं शिक्षण. फी घ्यायला, पावत्या फाडायला आणि मशीनवरची धूळ पुसायला सरांनी मला ठेवलं होतं. मागच्या बाकावर बसून ऐकता ऐकता पुढे मीच नव्या मुलांना शिकवायला लागले, ते जाऊ दे.

आता त्यांचं शास्त्र सांगते. मराठीत आपल्याला हा ताप नाही. आपला क हा क असतो, त्यात लहान क आणि मोठा क नाही. इंग्रजीत मात्र एक मोठी एबीसीडी आणि एक बारीक एबीसीडी. सर म्हणत, कोबोल, फोरट्रान, बेसिक ही नावं शब्दांचे तुकडे नाहीतर आद्याक्षरं जोडून झालेली, म्हणून त्यांची सगळी अक्षरं मोठी. पास्कल मात्र माणूस होता, खरोखरचा, जुन्या काळचा गणिती. म्हणून त्याचं फक्त पहिलं अक्षर मोठं.

“माणसाला आपण ओरडून हाक मारतो का, बाई?” ते विचारायचे. “सगळी अक्षरं मोठी केली म्हणजे ओरडल्यासारखं होतं.”

“माझे सासरे मारतात,” मी म्हटलं.

त्यावर ते खरंच विचारात पडले. थट्टा त्यांना कळायची नाही, हा आणखी एक ताप.

आणि सगळ्यात वर ते डीबेस, मशीनवर नोंदवह्या ठेवायची भाषा. त्यातला पहिला डी बारीक आणि पुढची सगळी अक्षरं मोठी. मी विचारलं, “हे असं उलटं कोणी ठरवलं?”

“ज्यानं केलं त्यानं.”

“शुद्धीवर होता का तो?”

“तो त्याचा प्रश्न आहे. नाव त्यानं ठेवलंय. आपण फक्त नीट लिहायचं.”

पाटीचंच घ्या. आमचा बाबू पेंटर सातपाटीच्या होड्यांवर नावं काढण्यात एकदम पटाईत. त्यानं सुंदर निळी पाटी रंगवून आणली, वर क्लासचं नाव, खाली शिकवायच्या भाषांची नावं, सगळी अक्षरं मोठी, पिवळी, खाली सावली दिलेली. सर खाली उतरले, रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले, परत आले आणि म्हणाले, “बाबूराव, पुसा.”

बाबू म्हणाला, “मास्तर, पाटीवर मोठीच अक्षरं असतात. लांबून दिसाया नको?”

“दिसायला हवं ते बरोबर दिसायला हवं.”

पाटी पुसली. दुसऱ्यांदा बाबूनं पास्कल बरोबर केलं, पण डीबेसचा डी त्याच्या हाताला बारीक होईना. तिसऱ्या खेपेला झाला. मग काय झालं, रस्त्यानं जाणारे लोक माडीवर चढून येऊन सांगायला लागले की तुमच्या पाटीवर एक अक्षर चुकून बारीक राहिलंय. सरांना आनंद व्हायचा. त्या माणसाला खुर्ची द्यायचे, मला चहा सांगायला लावायचे, आणि पहिल्यापासून समजावायला बसायचे. भाजी घ्यायला निघालेली माणसं, त्यांच्या हातात मेथीची जुडी, आणि हे त्यांना फोरट्रानपासून सांगतायत. एक जण तर नाव घालायला म्हणून आला होता. अर्ध्या तासानं जो उठला तो परत दिसला नाही.

एका कारखान्यानं आपले कारकून शिकायला पाठवायचं ठरवलं होतं. तसं पत्र आलं. त्या वर्षभराचं भाडं सुटलं असतं. सरांनी पत्र वाचलं, खिशातलं लाल पेन काढलं, भाषांच्या नावांवर तीन ठिकाणी खुणा केल्या आणि “दुरुस्त करून पाठवावे” असं लिहून परत धाडलं. दुरुस्त करून कोण पाठवतं. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. संध्याकाळी त्यांनी विचारलं, “बाई, तब्येत बरी नाही का?”

आता एवढं बोलते आहे तर दुसरंही सांगायला हवं. खालच्या सायकलवाल्याला सगळा बाजार ‘बाटल्या’ म्हणायचा, त्याच्या चष्म्यावरून. सर त्याला त्याच्या पूर्ण नावानं, वडिलांच्या नावासकट, हाक मारायचे. डोंगराकडची, मनोरच्या पलीकडची मुलं यायची, त्यांना शाळेत कोणी नीट नावानं बोलावलेलं नसायचं. सर पहिल्या दिवशी विचारत, “घरी तुला काय म्हणतात? आणि तुला काय म्हटलेलं आवडतं?” मग जे सांगेल ते. कधी चुकायचे नाहीत. म्हणून ती मुलं अजून देवमाणूस म्हणतात. म्हणोत.

क्लास पुढे बंद झाला. सर भाचीकडे बडोद्याला गेले. तिथून मला कार्डं यायची. एकात लिहिलं होतं, “जावा नावाची नवी भाषा आली आहे. लोक तिची सगळी अक्षरं मोठी करतात. ती आद्याक्षरं नव्हेत. कृपया सांगावे.” मी पालघरला पापड लाटत बसलेली. कोणाला सांगू?

पण मला सांगायचंय ते प्रमिलाचं.

प्रमिला दातिवऱ्याची, कोळ्यांची पोर. एसटीनं सफाळ्याला यायची, तिथून शटल गाडीनं बोईसर. अंगावर एकच चांगला ड्रेस, तो दिवसाआड धुतलेला, पण हात असा चालायचा मशीनवर की मी बघत राहायचे. तिच्या आईनं तिला मुदत दिली होती. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर असतात, तेवढे दिवस शिक, नोकरी बघ. नारळी पुनवेला होड्या पाण्यात जातील. तोवर नोकरी लागली तर ठीक, नाहीतर टोपली घेऊन माझ्याबरोबर बाजारात. आई वाईट नव्हती हं. तिचे गुडघे गेले होते आणि घरात हाताला दुसरं माणूस नव्हतं.

नारळी पुनव जवळ आली तेव्हा प्रमिलाला बोलावणं आलं. तारापूरच्या एमआयडीसीतला रंगाचा कारखाना, ऑफिसात मशीनवर बसायची जागा. गुरुवारी मुलाखत, येताना सर्टिफिकेट आणावं.

आणि सर्टिफिकेट नव्हतं.

का नव्हतं, तेही ऐका. पालघरच्या छापखान्यात आम्ही सर्टिफिकेटं छापायला दिली होती. त्यांच्याकडे झोकदार वळणाचे खिळे, म्हणजे छापायची शिशाची अक्षरं, फक्त मोठी. पास्कल आलं सगळं मोठ्यात. सरांनी सगळा गठ्ठा कोरी बाजू वर करून मुलांना कच्च्या कामाला वाटून टाकला आणि जाहीर केलं की यापुढे सर्टिफिकेट ते स्वतः हातानं लिहितील. ड्रॉइंगचा जाड कागद, काळी शाई, टाक, पेन्सिलीच्या रेघा. दिसायचं देखणं, खोटं नाही बोलणार. पण आमच्याकडचा पावसाळा. खाडीवरनं येणारी ओल. कागद सर्दावतो, त्यावर टाक टेकला की शाई मुंगीच्या पायांसारखी फुटते. म्हणून पावसाळ्यात सर्टिफिकेटं बंद. दसऱ्यानंतर मिळतील. तशी पाटी लावली होती भिंतीवर.

मी म्हटलं, “सर, छापील एखादं उरलं असेल. द्या तिला.”

“ते चुकीचं आहे.”

“कारखान्यात कोण बघतंय?”

“मी बघतोय ना.”

माझं डोकं फिरलं. “तुमच्या त्या एका अक्षरापायी पोर टोपली घेऊन बाजारात बसेल, कळतंय का तुम्हाला?”

ते चष्मा पुसत बसले. प्रमिला इतका वेळ मशीनच्या कव्हराचा काठ चिमटीत धरून उभी होती. ती म्हणाली, “सर, एक इचारू? मी कदी चुकीचं लिवलं होतं का?”

“नाही. तू कधीच नाही.”

“मंग माजंच का अडलंय?”

ओरडली नाही, रडली नाही. नुसतं विचारलं. सरांनी चष्मा परत घातला आणि ते मला म्हणाले, “बाई, कागद काढा.”

बुधवारचा अख्खा दिवस त्यात गेला. पहिला कागद फुटला. दुसरा मी खालच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडे नेला, त्यानं कोळशाच्या इस्त्रीनं असा वाळवला की मधोमध तपकिरी होडी उमटली. तिसऱ्याला सर इकडे तिकडे बघायला लागले. खोलीत कोरडी आणि गरम जागा एकच, मशीनच्या पडद्याच्या खोक्याचं डोकं. आता हे ऐका. त्या मशीनवर कोणी रुमाल ठेवला तरी सर वर्गाबाहेर काढायचे. त्याच्या डोक्यावरच्या फटींतून गरम वारा बाहेर जायला हवा, नाहीतर ते तापून मरतं, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. आणि हा माणूस मुलांना घरी पाठवून, खिडक्या लावून, त्या फटींवर कागद अंथरून बसला.

“सर, ते तापेल.”

“तापायलाच हवंय.”

दोन शब्द लिहायचे, कागद परत मशीनवर ठेवायचा, वरून पुठ्ठा दाबायचा, म्हणजे वाकायला नको. वाळला की उचलायचा, पुढचे दोन शब्द. मी पंख्याच्या बटणावर हात ठेवून उभी, कारण वारा लागला तर ओल येते आणि नाही लागला तर त्यांच्या कपाळावरचा घाम कागदावर पडतो. मधूनच मी पदरानं त्यांचं कपाळ टिपत होते. लोकांनी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं देव जाणे.

चार वाजून गेले असतील. आधी वास आला, जळक्या रबराचा. मग पडद्यावरची हिरवी अक्षरं एकदम आडवी झाली, त्यांची एक रेघ झाली, रेघेचा ठिपका झाला आणि ठिपका गेला.

मी म्हटलं, “सर, मशीन गेलं.”

ते पास्कलच्या शेवटच्या अक्षरावर होते. मान वर न करता म्हणाले, “हलू नका, शाई ओली आहे.”

दोनातलं एक मशीन गेलं. ते पुढे कधी आलं नाही. एकाच मशीनवर मुलं किती घेणार, तिथूनच क्लास उतरणीला लागला. पण सर्टिफिकेट झालं. आणि झालं होतं असं की प्रमिलानं ते हातात घ्यायच्या आधी ओढणीला हात पुसले.

गुरुवारी आम्ही चौघं गेलो. प्रमिला, तिची आई, मी आणि सर. सरांना मी नको म्हणत होते. दरवाजावरची पाटी चुकलेली असेल आणि हे तिथेच लाल पेन काढतील, ही माझी भीती. आईला मात्र गुर्जी हवे होते. गुर्जींनी सांगितलं तर साहेब ऐकेल, असं तिचं म्हणणं.

ऑफिसातला साहेब हिंदी बोलणारा, घाईत असलेला, चांगला माणूस. त्यानं प्रमिलाला मशीनवर बसवलं, तिनं काम करून दाखवलं, तो खूश. मग सर्टिफिकेट मागितलं. बघितलं. उलटं करून मागची बाजू बघितली.

“इसपे स्टॅम्प किधर है?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

“हाथ से लिखा है. कोई भी लिखेगा घर बैठके. क्लास का गोल स्टॅम्प चाहिए, फाइल में लगाना है. कल शुक्रवार, हफ्ते की छुट्टी, कंपनी बंद. आज पाँच बजे तक लेके आओ. बाहर और दो लडके बैठे हैं.”

क्लासचा शिक्का नव्हता. एवढी वर्षं नव्हता आणि माझ्याही ध्यानात कधी आलं नाही. आपल्याकडे कागद कसाही असो, त्यावर गोल शिक्का लागतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आम्ही अक्षरासाठी मशीन जाळलं आणि शिक्का विसरलो. मला रडावं का हसावं कळेना.

रिक्षा करून बोईसर बाजार गाठला. शिक्केवाला जेवून पडला होता, त्याला उठवला. त्यानं पत्र्याचा डबा उघडून सुटी रबरी अक्षरं दाखवली. “आत्ताच्या आत्ता हवा तर ही चिकटवून देतो. गोल पण होईल.”

सरांनी डब्यात बोट फिरवलं. “यात बारीक अक्षरं?”

“बारीक नाय. मोठीच हायत. बारीक मुंबईवरनं मागवावी लागतील. सोमवारी या.”

मी सरांकडे बघितलं नाही. मुद्दामच नाही बघितलं. मनात म्हटलं, आता हा माणूस सोमवार म्हणेल, आणि तो सोमवार म्हणाला तर मी इथे बाजारात, लोकांसमोर, काय करेन मला माहीत नाही. तिची आई दुकानाच्या पायरीवर गुडघे दाबत बसली होती.

सरांनी डबा शिक्केवाल्याकडे सरकवला आणि म्हणाले, “लावा.”

“कशी? मोठी चालतील?”

“लावा म्हटलं ना.”

शिक्का झाला. शिक्केवाल्यानं जांभळी शाई लावली आणि सर्टिफिकेटाकडे हात केला, तर सर म्हणाले, “नाही. मी मारतो.” त्यांनी कागद फळीवर सरळ केला, आपल्या हातच्या त्या देखण्या अक्षरांखाली जागा बघितली, आणि नेमका, सरळ, न हलवता शिक्का मारला. पास्कल, सगळं मोठ्यात. ओरडल्यासारखं. मग तो उचलून फुंकर घालत बसले, शाई वाळेपर्यंत.

परत पोचलो. साहेबानं शिक्का बघितला, बाकी काही वाचलं नाही, फाइलला लावायला त्याची झेरॉक्स काढून घेतली आणि मूळ कागद तिला परत दिला. “एक तारीख से आ जाओ.” झालं.

कारखान्याच्या फाटकाबाहेर आम्ही रिक्षाची वाट बघत उभे होतो. पाऊस सुरू झाला होता. सरांनी आपली छत्री प्रमिलाच्या हातातल्या सर्टिफिकेटावर धरली होती आणि स्वतः खांद्यापर्यंत भिजत होते. मी म्हटलं, “सर, तुम्ही माझ्या छत्रीत या.” ऐकलंच नाही. त्यांची नजर त्या जांभळ्या गोलावर.

प्रमिलाच्या आईनं ते बघितलं. ती जवळ आली, तिनं कागदाकडे वाकून पाहिलं. तिला अक्षरओळख नव्हती.

“गुर्जी, पोरीला लागली नोकरी. तुमचा तोंड असा का? मंगापासना तुमी तेच्याकडंच बगताव. कायतरी चुकलाय का त्याच्यात?”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तोंड उघडलं. मी पिशवी घट्ट धरली. आता इथे, भर पावसात, फोरट्रानपासून सुरू होणार, हे मला दिसत होतं. त्यांनी एकदा प्रमिलाकडे बघितलं. ती एका हातानं ओढणी पिळत होती आणि आईकडे बघून हसत होती.

“नाही मावशी,” ते म्हणाले. “बरोबर आहे. पिशवीत ठेवा, भिजेल.”